डायलिसिस सुरू होतंय? आधी वजनकाटा घ्या

अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, डायलिसिस साडेपाच वर्षं चाललं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. नाशिकच्या सिडकोतून पहाटे साडेपाचला रिक्षा, सहाची पहिली पाळी, अकरा-साडेअकराला घरी. पहिले तीन महिने आम्ही सांगतील तसं करत होतो. टेक्निशियनने 'आज तीन लिटर काढू ना?' असं विचारलं की मी मान डोलवायचे. तीन लिटर कसले, आले कुठून आणि तीनच का, यातलं काही कळत नव्हतं. मग अण्णांनीच एक शंभर पानी वही आणायला सांगितली. सातपूरच्या कारखान्यात आयुष्यभर लेथवर मायक्रोमीटर धरलेला माणूस. आकडा कळल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. हा लेख बराचसा त्या वहीतून आलाय.

मी डॉक्टर नाही. गोळ्यांचा डोस, पाणी किती काढायचं, वेळ किती द्यायचा हे तुमचे किडनीचे डॉक्टरच ठरवणार. पण खुर्चीशेजारी बसणाऱ्याला काय विचारायचं ते माहीत असलं, तर ते ठरवणं बरंच सोपं जातं.

यंत्र नेमकं काय करतं

साठ किलोच्या माणसाच्या अंगात साधारण साडेचार ते पाच लिटर रक्त असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की सगळं रक्त बाहेर काढून धुतात. तसं नाही. एका वेळी नळ्यांत आणि फिल्टरमध्ये मिळून पेलाभर, २०० मिलीच्या आसपास, रक्त बाहेर असतं. पंप ते मिनिटाला २५० ते ३०० मिलीच्या वेगाने फिरवत राहतो. चार तासांचा हिशोब केला तर ६० ते ७० लिटर रक्त फिल्टरमधून जातं, म्हणजे तेच रक्त बारा-चौदा वेळा.

फिल्टरला डायलायझर म्हणतात. हातभरापेक्षा कमी लांबीची पारदर्शक नळी, आत केसासारखे बारीक पोकळ धागे, दहा हजारांच्या घरात. धाग्यांच्या आतून रक्त वाहतं आणि बाहेरून उलट दिशेने डायलिसिसचं पाणी, मिनिटाला साधारण ५०० मिली. धाग्यांच्या भिंतीला इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की युरिया, क्रिएटिनिन असा अंगातला कचरा आणि पोटॅशियम पलीकडे जातात. रक्तपेशी आणि प्रथिनं मोठी, ती आतच राहतात. जिथे जास्त आहे तिथून कमी असलेल्या बाजूला पदार्थ आपोआप सरकतो, एवढ्यावर हे सगळं चालतं. अंगात साठलेलं पाणी मात्र यंत्राला दाबाचा फरक तयार करून ओढून घ्यावं लागतं. ही दोन कामं वेगळी आहेत, हे डोक्यात ठेवा. पुढे लागेल.

'डायलिसिस' हा शब्द थॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ मध्ये वापरला. माणसावर चालणारं यंत्र मात्र १९४३ मध्ये आलं, तेही नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये. विलेम कोल्फ नावाच्या डॉक्टरने सॉसेजवर गुंडाळायच्या सेलोफेनची नळी लाकडी पिंपावर गुंडाळली आणि ते पिंप पाण्यात फिरवलं. त्या यंत्राने वाचलेली पहिली रुग्ण १९४५ मधली, ६७ वर्षांची बाई. अण्णांना ही गोष्ट फार आवडायची. 'जुगाड आपल्याकडेच होतो असं नाही,' म्हणायचे.

यंत्राला काय जमत नाही तेही माहीत हवं. किडनी रक्त तयार करायचा संदेश देते आणि हाडांसाठीचं ड जीवनसत्त्व कामाचं बनवते. ही कामं यंत्र करत नाही, म्हणून डायलिसिस चालू असतानाही एरिथ्रोपोएटिनची, म्हणजे तो रक्ताचा संदेश देणाऱ्या द्रव्याची, इंजेक्शनं आणि लोहाची इंजेक्शनं लागतात. आणि 'रक्त शुद्ध करणारे' काढे, चूर्णं, भस्मं किडनीचं काम करत नाहीत. उलट काहींत जड धातू असतात, आणि ते बाहेर टाकणारा अवयवच बंद पडलेला असतो. आमच्याकडे एका नातेवाइकाने प्रेमाने तीन डबे आणले होते. ते डॉक्टरांना दाखवले आणि मग फेकले.

सुरू होण्याआधी विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न असा विचारा: हे तात्पुरतं आहे की कायमचं? एकदा लावलं की सुटत नाही, असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. जुलाब-उलट्यांनी अंग सुकलं, लेप्टो झाला, मलेरिया अंगावर बेतला किंवा भाताच्या खाचरात घोणस चावली, तर चांगली किडनी अचानक बसते आणि काही आठवडे डायलिसिस देऊन ती परत चालू होऊ शकते. अशा माणसाला 'लागलं की कायमचं' या भीतीने घरी ठेवणं जिवावर बेतू शकतं. सर्पदंशात डायलिसिसने विष निघत नाही हेही लक्षात ठेवा. विषावर उतारा प्रतिविषाचाच. डायलिसिस फक्त बसलेल्या किडनीची जागा धरतं.

मधुमेह किंवा रक्तदाबाने वर्षानुवर्षं झिजलेली किडनी मात्र सहसा परत येत नाही. तिथे क्रिएटिनिनचा एक आकडा गाठला म्हणून लगेच यंत्र लावतात असं नाही. मळमळ, भूक मरणं, धाप, अंगावर सूज, गोळ्यांनी न उतरणारं पोटॅशियम असं सगळं बघून डॉक्टर वेळ ठरवतात. ती वेळ येण्याआधीच दुसरा प्रश्न विचारा: प्रत्यारोपण होऊ शकेल का? घरात देणारं कोणी असेल तर तपासण्या लगेच सुरू करा. नसेल तर मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव घालता येतं. नाशिक पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीखाली येतं, नोंदणी रुग्णालयामार्फत होते.

तिसरा प्रश्न पोटाच्या डायलिसिसचा. पोटात एक मऊ नळी बसवतात आणि घरीच दिवसातून तीन-चार वेळा पिशवीतला द्राव आत सोडून नंतर बाहेर काढतात. सुरगाणा, पेठसारख्या लांबच्या तालुक्यातून आठवड्यात तीनदा नाशिक गाठणं ज्यांना अशक्य आहे, त्यांनी हे नक्की विचारावं. स्वच्छ खोली आणि हात धुण्याची काटेकोर सवय मात्र हवी, नाहीतर पोटात जंतुसंसर्ग होतो.

आणि हिपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस. डायलिसिसच्या रुग्णाला ती दुप्पट मात्रेत देतात आणि एकूण चार डोस सहा महिन्यांत पुरे होतात. लवकर सुरू केलेली बरी.

हात वाचवा

इथे आम्ही चुकलो, म्हणून जरा रेंगाळते.

डायलिसिसला इतकं रक्त वेगाने बाहेर यायला हवं की हाताची साधी शीर पुरत नाही. वर्षानुवर्षं डॉक्टरांची अडचण हीच होती. यंत्र होतं, पण दर खेपेला नवीन धमनी उघडावी लागायची, आणि माणसाच्या अंगात धमन्या किती असणार? १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातावर कायम ठेवता येणारी टेफ्लॉनची नळी बसवली आणि जुन्या किडनीविकाराच्या रुग्णाला नियमित डायलिसिस देता येऊ लागलं. १९६६ मध्ये फिस्टुला आला. मनगटाजवळची किंवा कोपराजवळची धमनी शिरेला जोडतात. जोराचं रक्त शिरेत आलं की ती फुगते, जाड होते आणि सुया झेलायला तयार होते. ऑपरेशन छोटं, हात बधिर करून. पण शीर तयार व्हायला कमीत कमी दीड महिना, बऱ्याचदा दोन-तीन महिने लागतात.

डॉक्टरांनी आम्हाला सहा महिने आधी फिस्टुला करायला सांगितलं होतं. आम्ही 'बघू, दिवाळीनंतर' करत राहिलो. मार्गशीर्षात अण्णांना रात्री आडवं झोपता येईना, छातीत पाणी भरलं आणि मध्यरात्री मानेतून नळी घालून डायलिसिस सुरू करावं लागलं. त्या नळीतून त्यांना जंतुसंसर्ग झाला, अकरा दिवस दवाखान्यात. तो आमच्याच टाळाटाळीचा परिणाम होता. दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येणार नाही.

म्हणून किडनीचा आजार पुढच्या टप्प्यात गेलाय असं कळलं, की ज्या हाताने लिहीत नाही तो हात बाजूला ठेवा. त्यातून रक्त काढू देऊ नका, सलाईन लावू देऊ नका. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर रक्तदाबाचा पट्टाही नाही, घट्ट बांगडी-घड्याळ नाही, जड पिशवी नाही, त्या कुशीवर झोपणं नाही. टाके भरल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हापासून मऊ चेंडू दाबायचा व्यायाम.

रोज सकाळी दात घासायच्या आधी फिस्टुलावर दोन बोटं ठेवा. मांजर घुरघुरतंय तशी थरथर लागली पाहिजे. आदल्या दिवसापर्यंत लागणारी थरथर आज नसेल, तर गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी पुढच्या डायलिसिसची वाट न बघता तडक डॉक्टरांना फोन. काही तासांत गेलं तर फिस्टुला वाचवायची संधी असते.

सुया दर खेपेला थोडं अंतर सोडून टोचाव्यात, हेही टेक्निशियनला सांगावं लागतं. एकाच जागी टोचलं की दुखत कमी, म्हणून पेशंटच तीच जागा दाखवतो. मग तिथली भिंत पातळ होते आणि लिंबाएवढा फुगा येतो.

मानेत नळी असेल तर ड्रेसिंग कोरडं ठेवा. आंघोळ गळ्याखाली, बाकी ओल्या फडक्याने पुसून घ्या. नळीची टोपणं डायलिसिसच्या माणसाशिवाय कुणी उघडायची नाहीत, वॉर्डातल्या कुणाला सलाईनसाठी हवी असली तरीही.

जागा आणि पैसे

नाशिकमध्ये सरकारी पर्याय म्हणजे त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो, आणि शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय. बाहेरच्या तालुक्यांतल्या लोकांनी आधी जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात यंत्र आहे का ते विचारावं. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ पासून आहे आणि दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला त्यात मोफत डायलिसिस मिळतं. खासगी सेंटरं मुंबई नाका, गंगापूर रोड, नाशिक रोड अशी शहरभर पसरली आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या रुग्णालयात शिरल्यावर आरोग्यमित्राचं टेबल शोधायचं. रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. योजनेचा फोन १५५३८८. कार्डाच्या रंगावरून घरबसल्या तर्क करत बसू नका, नियम बदलत गेलेत. आरोग्यमित्रालाच विचारा.

सेंटर निवडताना माझ्या मते पहिला निकष अंतर. आठवड्यात तीनदा जायचंय, वर्षाला दीडशेच्या वर खेपा होतात. द्वारकेचा चौक संध्याकाळी सहाला ओलांडून बघा, मग ठरवा. दुसरा निकष पाणी. एका खेपेला साधारण १२० लिटर पाणी फिल्टरच्या पलीकडून वाहतं, रक्तापासून केसाएवढ्या अंतरावर. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तसंच गेलं तर रक्तपेशी फुटतात. म्हणून सेंटरचा आरओ प्लांट कधी तपासला, पाण्याची चाचणी किती दिवसांनी होते, हे विचारायला लाजू नका. चांगलं सेंटर रजिस्टर काढून दाखवतं. हिपॅटायटिस बी असलेल्यांना वेगळं यंत्र आहे का, ते बघा. एक टेक्निशियन किती खुर्च्या सांभाळतो, तेही.

तोच फिल्टर धुऊन त्याच रुग्णाला परत वापरतात का, हे सुरुवातीलाच विचारून घ्या. खर्चामुळे बऱ्याच ठिकाणी वापरतात आणि नीट केलं तर त्यात गैर नाही. फक्त फिल्टरवर तुमच्याच माणसाचं नाव आहे ना, कितवा वापर आहे, धुतल्यावर क्षमता मोजली का आणि रसायन पूर्ण निघाल्याची चाचणी केली का, हे पाहायचं. नव्या फिल्टरच्या तुलनेत आतली जागा ८० टक्क्यांच्या खाली गेली की तो टाकून देतात. लाइनवर घेण्याआधी नाव मी दर खेपेला मोठ्याने वाचायचे. सुरुवातीला सिस्टर हसायच्या, नंतर त्याच वाचून दाखवायला लागल्या.

त्या दिवशी

आता वजनकाट्याकडे येऊ. अंगात जादा पाणी नाही, सूज नाही, धाप नाही, रक्तदाब बरा, अशा स्थितीतलं वजन म्हणजे ड्राय वेट. डॉक्टर ते ठरवतात. अण्णांचं ५८ किलो होतं. दोन खेपांच्या मध्ये जे वजन वाढतं, ते बहुतेक सगळं पाणी. एक किलो म्हणजे एक लिटर.

समजा आज काट्यावर ६०.३ आले. ६०.३ वजा ५८, म्हणजे २.३ लिटर. शेवटी नळीतलं रक्त परत ढकलताना सलाईन आत जातं, मध्ये चहा होतो, त्याचे ३०० मिली धरा. झाले २.६ लिटर. चार तासांनी भागलं की तासाला ६५० मिली. आता ५८ किलोने भागा: किलोमागे तासाला ११ मिलीच्या जरा वर. हा आकडा १३ च्या आत राहावा असं मानतात. त्याच्या वर वेगाने पाणी ओढलं की रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत वांब येतात आणि हृदयावर ताण पडतो. अण्णांच्या बाबतीत चार तासांत तीन लिटर ही कमाल निघाली. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी ती लाल पेनाने लिहून ठेवली होती.

जानेवारीतली एक सकाळ सांगते. निफाडला पारा पाच-सहावर आला होता, त्यामुळे आमच्याकडेही हुडहुडी. अण्णा स्वेटर, कानटोपी, अंगावर घोंगडीवजा शाल अशा थाटात काट्यावर उभे राहिले. ६०.९. टेक्निशियन नवा होता, घाईत होता, मीही झोपेत. २.९ अधिक सलाईनचे, ३.२ लिटर लावले. तिसऱ्या तासाला अण्णांनी माझा हात घट्ट पकडला. उजव्या पोटरीचा गोळा दगडासारखा झालेला, कपाळावर घाम, जांभई मागून जांभई. रक्तदाब ८० वर. सिस्टर धावत आल्या, पाण्याची ओढ बंद केली, खुर्ची मागे टाकून पाय वर केले, थोडं सलाईन दिलं. दहा मिनिटांत रंग परतला. घरी येऊन मी स्वेटर, टोपी आणि शाल भाजीच्या काट्यावर ठेवली. सव्वा किलो. आम्ही अण्णांच्या अंगातून शाल काढली होती.

तेव्हापासून काट्यावर चढताना तोच सदरा, तीच लुंगी, खिसे रिकामे, चपला बाहेर. आणि टेक्निशियन पाणी लावायच्या आत अण्णांचा ठरलेला प्रश्न: 'दादा, स्वेटर वजा केलास का?' मे महिन्यातसुद्धा.

वजन जास्तच आलं असेल, समजा साडेतीन किलो, तर 'आज सगळं काढून टाका' म्हणू नका. 'अर्धा तास वाढवता येईल का?' असं विचारा. आणि तीन तासांत आटोपायची घाई कधी करू नका. पाणी एकवेळ ओढून काढता येईल, पण कचरा निघायला वेळच लागतो. वर म्हटलं होतं ना, दोन वेगळी कामं.

बाकीचा क्रम असा. आल्यावर फिस्टुलाचा हात साबणाने धुवायचा. वजन, रक्तदाब, ताप. मग दोन सुया. एकीतून रक्त बाहेर जातं, ती लाल नळी. दुसरीतून परत येतं, ती निळी. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन. दोन-चार दिवसांत दात काढला असेल, पडून मार लागला असेल, संडासातून रक्त गेलं असेल, कुठलं ऑपरेशन ठरलं असेल तर हे हेपारिनच्या आधी सांगा. दर अर्ध्या तासाला रक्तदाब. जांभया, घाम, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच आवाज द्यायचा, 'थोडं सहन करू' म्हणायचं नाही. डायलिसिस चालू असताना भरपेट खाल्लं तर रक्त पोटाकडे वळून रक्तदाब उतरतो, म्हणून अण्णांना आम्ही दोन इडल्या सुरू होण्याआधी द्यायचो. त्या सकाळी रक्तदाबाची गोळी घ्यायची की परत आल्यावर, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्रत्येकाचं वेगळं असतं.

सुई काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं बोटाने सारखा दाब. रक्त थांबेपर्यंत दाबायचं, थरथर बंद होईल इतकं आवळायचं नाही. परत वजन. मग खुर्चीतच पाच मिनिटं पाय खाली सोडून बसायचं आणि सावकाश उठायचं. पेशंट बहुधा लिफ्टपाशीच भोवळ येऊन पडतो.

मधले दिवस: पाणी, मीठ, द्राक्षं

पाण्याचा नेहमीचा ठोकताळा म्हणजे दिवसाची लघवी अधिक अर्धा लिटर. लघवी पूर्ण बंद असेल तर डॉक्टर सांगतील तो आकडा, साधारण पाऊण लिटरच्या आसपास. आम्ही सकाळी एक बाटली भरून ठेवायचो. अण्णांनी चहा घेतला की कपभर पाणी त्या बाटलीतून ओतून द्यायचं. वरण, ताक, रस्सा, आइस्क्रीम, सगळं पाण्यातच धरायचं. संध्याकाळी बाटली संपली की संपली. एप्रिल-मे काढणं कठीण जातं. बर्फाचा छोटा खडा चघळणं, गुळण्या करून थुंकणं, लिंबाची फोड जिभेला लावणं याने आमचं भागलं.

पण तहानेशी भांडण्यात अर्थ नाही, भांडायचं मिठाशी. मीठ पोटात गेलं की पाणी मागणारच. लोणचं, पापड, फरसाण, चिवडा बंद. मिसळ ही नाशिककराची खरी परीक्षा. शेव, रस्सा, वर पापड, म्हणजे मीठ आणि पाणी एकाच ताटात. अण्णा वर्षातून एकदा वाढदिवसाला खायचे, कोरडीच, रस्सा दोन चमचे. शनिवार ते मंगळवार हा सगळ्यात लांब टप्पा, आणि सण-लग्नं नेमकी रविवारीच. त्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त सांभाळा. आणि बाजारात मिळणारं 'कमी सोडियमचं' मीठ घरात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. सैंधवही मीठच.

पोटॅशियमचं भय वेगळं, कारण ते दिसत नाही. सूज आली की कळते. पोटॅशियम चढलं तर पाय जड वाटतात, हातापायांतलं बळ जातं, किंवा काहीच न जाणवता हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तातलं सामान्य प्रमाण साडेतीन ते पाचच्या आसपास. आजाऱ्याला बघायला येणारा माणूस शहाळं आणि फळांची पिशवी घेऊनच येतो, आणि नेमकं तेच चालत नाही. नारळपाणी, केळी, मोसंबीचा रस, सुकामेवा, गूळ, टोमॅटोचं सूप टाळा. बटाटा आणि पालेभाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेका, मग फोडणी द्या. चव जाते, हे कबूल. लसूण-जिऱ्याने थोडी परत येते.

द्राक्षांच्या हंगामात घरोघरी क्रेट येतात, तेव्हा हा प्रश्न हमखास: द्राक्षं चालतील का? केळ्याच्या मानाने द्राक्षात पोटॅशियम कमी, त्यामुळे आमच्या आहारतज्ज्ञ ताईंनी दहा-बारा मणी, तेही रोज नाही, अशी परवानगी दिली होती. बेदाणे आणि मनुके मात्र नाहीत. साधारण चार किलो द्राक्षं सुकून किलोभर बेदाणा होतो. पाणी उडतं, पोटॅशियम तिथेच राहतं. मूठभर मनुक्यांत किती द्राक्षं गेली, ते मोजा म्हणजे कळेल. आणि एक फळ अजिबात नाही: करंबळ, ते पाच कंगोऱ्यांचं आंबट फळ, कापलं की चांदणी दिसते. त्यातलं एक द्रव्य किडनी बंद असलेल्या माणसाच्या मेंदूवर जातं. न थांबणारी उचकी, मग भ्रम, झटके, मृत्यूसुद्धा.

डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात. सुरू झाल्यावर उलटं होतं, कारण प्रत्येक खेपेला थोडी प्रथिनं वाहून जातात. वजनाच्या किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम लागतात, म्हणजे अण्णांना साठ-सत्तर ग्रॅम. जुनी पथ्याची चिठ्ठी फ्रिजवर तशीच राहिल्याने आम्ही दोन महिने त्यांना उपाशी ठेवल्यासारखं केलं. ती पहिली फाडा. अंड्याचा पांढरा भाग सगळ्यात सोयीचा. अन्नातला फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या जेवणाच्या घासाबरोबर घ्यायच्या. जेवण झाल्यावर तासाने घेतल्या तर पैसे वाया.

रिपोर्ट कसा बघायचा

महिन्याला रक्त तपासतात. हिमोग्लोबिन १० ते ११.५ च्या दरम्यान बरं, इंजेक्शनं ठोकून १४ पर्यंत न्यायचं नसतं. डायलिसिस पुरेसं होतंय का, ते आधीच्या आणि नंतरच्या युरियावरून कळतं. आधी १३२, नंतर ४४, तर ८८ उतरला. ८८ भागिले १३२, म्हणजे ६६ टक्क्यांच्या वर. ६५ टक्क्यांच्या खाली येत असेल तर वेळ, रक्ताचा वेग, फिल्टर किंवा फिस्टुला यांपैकी काहीतरी कमी पडतंय. विचारा.

ड्राय वेटही कायमचं नसतं. भूक सुधारली, अंगावर मांस चढलं तर ते वाढतं. आजारपणात मांस झडलं तर काट्यावर आकडा तोच दिसतो आणि झडलेल्या मांसाची जागा पाण्याने भरलेली असते. जुन्या ड्राय वेटवर आणूनही सकाळी डोळे सुजलेले असतील, रात्री उशा वाढवाव्या लागत असतील, तर डॉक्टरांना ते परत ठरवायला सांगा.

रात्री-बेरात्री

फिस्टुलातून घरी रक्त सुटलं तर टॉवेल गुंडाळू नका. रक्त टॉवेलात मुरत राहतं आणि दाब पडत नाही. नेमक्या भोकावर स्वच्छ कापडाची छोटी घडी ठेवून दोन बोटांनी जोरात दाबा, हात हृदयापेक्षा वर धरा, १०८ ला फोन करा. मानेत नळी असताना थंडी वाजून ताप आला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. झोपल्यावर गुदमरून उठून बसावं लागतं, गुलाबी फेस येतो, पाय उचलवत नाहीत, ठोके मंद झालेत: तातडीने दवाखाना, आणि दारातच सांगायचं, 'डायलिसिसचा पेशंट आहे, शेवटचं अमुक दिवशी झालं.' फाइल पिशवीत कायम भरलेली असू द्या. अंगदुखीच्या गोळ्या केमिस्टकडून परस्पर नाहीत.

गावाला जायचं असेल तर

जाता येतं. अण्णा दोनदा पंढरपूरला जाऊन आले. तिथल्या सेंटरला आठ-दहा दिवस आधी फोन करून जागा धरायची. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, ड्राय वेट, हेपारिनची मात्रा, फिल्टरचा प्रकार आणि शेवटच्या तीन खेपांचा कागद, हे सगळं आपल्या सेंटरकडून लिहून घ्यायचं. डायलिसिससाठी जाणाऱ्या किडनीच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेच्या तिकिटात सवलत आहे, ठरावीक नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. एसटीच्या सवलतींबद्दल आगारात विचारा.

शहरातल्या शहरात अडकायची वेळ सिंहस्थात येते. २०२७ च्या पर्वणीच्या दिवशी पंचवटी, रामकुंड, द्वारका हा पट्टा वाहनांना बंद असणार हे गृहीत धरून चाला. गोदावरीच्या पलीकडच्या काठावर राहत असाल आणि सेंटर अलीकडे असेल, तर पर्वणीच्या तारखा बघून आधीच सेंटरशी बोलून पाळी एक दिवस आधी घ्या, पुढे ढकलू नका. तरीही त्याच दिवशी जावंच लागलं तर रुग्णाचं नाव, खेपेचा वार आणि वेळ असलेलं सेंटरच्या लेटरहेडवरचं पत्र जवळ ठेवा, बॅरिकेडवरच्या पोलिसाला दाखवायला. मूळ पत्र फाइलमध्ये, एक झेरॉक्स रिक्षावाल्याकडे.